मेलबर्न ते उलुरू, कॅरव्हॅन आणि आई-बाबांसह: उडनाडाटा ट्रॅक की सरळ डांबरी रस्ता?

याराकाठी
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबा सोलापूरहून येताहेत. बाबांना उलुरू, म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातला तो प्रचंड लाल खडक, बघायचा आहे, आणि तोही विमानातून उतरून, फोटो काढून परत असा नाही. "जमिनीवरनं जाऊ, देश बघत जाऊ" असं त्यांनी फोनवरच जाहीर केलंय. आमच्याकडे सेकंडहँड अठरा फुटी कॅरव्हॅन आहे. विकणाऱ्याच्या शब्दात 'सेमी ऑफ-रोड', म्हणजे नेमकं काय ते त्यालाच ठाऊक. गाडी डिझेलची, फोर व्हील ड्राइव्ह, ३ टन ओढते. आतापर्यंत ती ग्रँपियन्सच्या पलीकडे गेलेली नाही.

मनात असलेला मार्ग: अ‍ॅडलेड, पोर्ट ऑगस्टा, फ्लिंडर्स रेंजेस, मरी, तिथून उडनाडाटा ट्रॅकने मार्ला, मग स्टुअर्ट हायवेने वर. येताना डांबरी. माणसं पाच: आम्ही दोघं, मुलगी, आई-बाबा. मी बाहेर स्वॅगमध्ये (कॅनव्हासच्या गुंडाळी-बिछान्यात) झोपेन, बाकीचे आत. आईचे गुडघे दुखतात, बाबांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. ट्रॅकवर कॅरव्हॅन नेण्यात शहाणपण आहे का? पाणी, खाणं, संडास, फोन, जे सुचेल ते सांगा.

धुरळा
जा की! विचारताय काय? उडनाडाटा ट्रॅक मरी ते मार्ला सव्वासहाशे किलोमीटरच्या आत आहे आणि कोरड्या दिवसांत, नुकताच ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरला असेल तर, साध्या गाड्याही जातात. वाटेत काटी थांडा म्हणजे लेक आयर आहे, समुद्रसपाटीच्या पंधरा मीटर खाली, अख्ख्या खंडातली सर्वांत खोल जागा. मग 'बबलर' नावाचा झरा, ओसाड जमिनीतून बुडबुडे काढत पाणी वर येतं. कॉवर्ड स्प्रिंग्जला मुक्काम करा, तिथल्या कुंडात पाय सोडून बसता येतं. विल्यम क्रीकमध्ये पब आणि धावपट्टी, तळ्यात पाणी असेल तर विमानातून चक्कर मारता येते. हे सगळं सोडून हायवेने गेलात तर बाबांना दिसेल काय? पांढरा पट्टा आणि मेलेले कांगारू.

गाडीवान
धुरळासाहेब, तुम्ही एकटे जाता, मागे काही न ओढता. इथे पाच माणसं आणि घर आहे. याराकाठी, रस्ता नंतर ठरवू. आधी वजन.

३ टन ओढते हा आकडा जाहिरातीतला आहे आणि तो खराही आहे, पण गाडी स्वतःच्या पाठीवर किती घेते हे त्यात येत नाही. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये गाडीचं कमाल वजन असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की तुमच्या वर्गातल्या गाडीला साधारण ६५० किलो उरतात. आता मोजा. कॅरव्हॅनचा पुढचा भार, म्हणजे टोबॉलवर (गाडीच्या मागे कॅरव्हॅन अडकवायच्या गोळ्यावर) येणारं वजन, कॅरव्हॅनच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवं. कॅरव्हॅन भरून अडीच टन झाली तर २५० किलो. हे गाडीच्या खात्यात जातात, कॅरव्हॅनच्या नाही. पाच माणसं धरा ३२० किलो. झाले ५७०. पुढे बुलबार (जनावराच्या धडकेपासून वाचवणारी लोखंडी चौकट) असेल तर पन्नास-साठ तो खातो. उरले वीस किलो. त्यात दुसरं स्टेपनी, हत्यारं, कूलर-फ्रिज आणि आईंची बॅग बसवून दाखवा.

मग लोक काय करतात, सगळं सामान कॅरव्हॅनच्या मागच्या टोकाला टाकतात. पुढचा भार कमी झाला म्हणून खूश होतात. ताशी नव्वदला बाजूने रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक, गेली की कॅरव्हॅन शेपूट हलवायला लागते, आणि ते शेपूट गाडीला रस्त्याबाहेर नेतं. जड सामान चाकांच्या अक्षावर आणि खाली ठेवा, हलकं टोकांना.

कॅरव्हॅनचंही तसंच. प्लेटवर दोन आकडे असतात, रिकामी आणि कमाल. फरक बहुतेकदा चार-साडेचारशे किलो. पाण्याच्या दोन टाक्या प्रत्येकी ९५ लिटरच्या असतील तर १९० किलो तिथेच गेले. दोन गॅस सिलिंडर भरलेले, पस्तीस-छत्तीस. उरलेल्यात अंथरुणं, भांडी, चांदवा, खुर्च्या, किराणा. वजनकाट्यावर जा, निघायच्या आदल्या दिवशी असेल तसं सगळं भरून. गाडी वेगळी, कॅरव्हॅन वेगळी, दोन्ही जोडून. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच विचारते.

कोकणी_कांगारू
गाडीवानदादांचा प्रतिसाद वाचून मी आमच्या व्हॅनमधला पाटा-वरवंटा काढून ठेवला :)

निवृत्त_नाशिककर
मी आई-बाबांच्या बाजूने लिहितो, कारण मी त्याच वर्गातला. मुलगा पर्थला आहे. त्याच्याबरोबर आम्ही दोघं नलारबॉरचं ओसाड पठार ओलांडून अ‍ॅडलेडला आलो होतो. बॅलाडोनिया ते कायगुना या टप्प्यात १४६ किलोमीटरहून अधिक रस्त्याला एक वळण नाही. पहिल्या अर्ध्या तासात मौज वाटते, मग सौ. नी विष्णुसहस्रनाम काढलं.

तुमच्या वडिलांना काय बघायचंय ते मला कळतंय. पण आमच्या वयाच्या माणसाला रोज सातशे किलोमीटर बसवू नका. तीनशे-साडेतीनशे झाले की थांबा, तंगड्या मोकळ्या करू द्या. दुपारी तीनला मुक्कामावर पोचलं की चहा उजेडात होतो आणि म्हातारी माणसं खूश असतात.

दुसरं, दारासमोरची पायरी. कॅरव्हॅनची खाली ओढायची पायरी आणि जमीन यात भलतं अंतर असतं, त्यात जागा उतरती असेल तर आणखी वाढतं. गुडघेदुखी असलेला माणूस रात्री दोनदा उठतो. अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा रुंद पाट मिळतो, तो घ्या, आणि दाराला बाहेरून धरायला कडी लावून घ्या. आमच्या प्रवासात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच.

तिसरं जरा नाजूक, पण कोणीतरी लिहायला हवं. आतल्या संडासाची पेटी असते, कॅसेट म्हणतात, अठरा-वीस लिटरची. गोरे लोक कागद वापरतात त्या हिशेबाने ती बनवलेली. आपण तांब्या वापरणारे. पाच माणसं म्हणजे ती दीड दिवसात भरते, आणि पिण्याची टाकीही त्याच वेगाने रिकामी होते. तेव्हा दिवसा रोडहाऊसचे संडास वापरायचे, आतला फक्त रात्रीसाठी. धुण्यासाठी शेतात औषध फवारतात तसला छोटा दाबाचा पंप ठेवा, पाव लिटरात काम होतं. रिकामी करायची ती फक्त डंप पॉइंटवर, म्हणजे त्यासाठी ठरवून दिलेल्या जागी. झाडामागे नव्हे!

लाल_माती
नाशिककर काका, दंडवत. पंपाची आयडिया आज घरी सांगितली, लगेच मंजूर.

भाज्यांचं एक सांगते. व्हिक्टोरियातून साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळं आणि फळमाशी बसते अशा भाज्या नेता येत नाहीत. टोमॅटो, मिरच्या, वांगी सगळी त्यात आली. फ्रिज उघडून बघतात आणि दंड सणसणीत असतो. भाजी अ‍ॅडलेडला घ्या. पुढे पोर्ट ऑगस्टा हे शेवटचं धड सुपरमार्केट, त्यानंतर रोडहाऊसमधला एक कांदा सोन्याच्या भावात.

स्वयंपाकाचं म्हणाल तर भाजणी, मेतकूट, लाडवांचा डबा आणि प्रेशर कुकर. सकाळी निघताना मूग-मटकी घट्ट झाकणाच्या डब्यात पाण्यात घालून सिंकमध्ये ठेवायची. मुक्कामाला पोचेपर्यंत भिजलेली असते, रस्त्याने हलवून हलवून जरा जास्तच. कुकरमुळे गॅस निम्मा लागतो. भांडी आधी कागदाने पुसून मग धुवा, पाणी वाचतं.

पारिजात
मी अ‍ॅलिस स्प्रिंग्जला नर्स आहे, म्हणून तब्येतीचं सांगते.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मेडिकेअर (इथला सरकारी आरोग्य विमा) नसतं आणि रुग्णवाहिकेचा खर्च तर इथल्या माणसांनाही मेडिकेअर देत नाही. आई-बाबांच्या विम्यात आधीच्या आजारांचा आणि रुग्णवाहिकेचा उल्लेख आहे का, ते आजच वाचा. पोर्ट ऑगस्टा ते अ‍ॅलिस हे अंतर सव्वाबाराशे किलोमीटर. मध्ये कूबर पीडीला इस्पितळ आहे, बाकी लहान दवाखाने. गंभीर काही झालं तर रॉयल फ्लाइंग डॉक्टरचं विमान येतं. जॉन फ्लिन यांनी १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरीहून ही सेवा सुरू केली. पुढच्या वर्षी आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ बनवला, तेव्हा कुठे स्टेशनांवरच्या (इथे स्टेशन म्हणजे गुरामेंढ्यांची अवाढव्य कुरणं) बायकांना डॉक्टरला हाक मारता आली. आज तुमच्याकडे उपग्रहावरून चालणारा फोन किंवा निदान पीएलबी, म्हणजे संकटात उपग्रहाकडे इशारा पाठवणारं खिशातलं यंत्र, हवा. ४०६ मेगाहर्ट्झचा, नावावर नोंदवलेला; नोंदणी फुकट असते. मोबाइलची रेंज गावाबाहेर काही किलोमीटर टिकते, मग पुढच्या गावापर्यंत नाही.

बाबांच्या गोळ्या दुप्पट घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. इन्सुलिन असेल तर ते रात्री गोठणार नाही हेही बघा. होय, गोठणार नाही हे. लोकांना वाळवंट म्हणजे उकाडा वाटतो. उडनाडाट्याला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलं हे खरं, पण जून-जुलैत आमच्याकडे पहाटे पारा शून्याखाली जातो आणि बाहेरची बादली गोठते. तुम्ही स्वॅगमध्ये झोपणार आहात ना? कानटोपी आणा.

अंधारात गाडी चालवू नका. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे रस्त्याकडेला येतात, कारण डांबरावरून वाहून आलेल्या पाण्यावर तिथे कोवळं गवत उगवतं. दिवसा मेलेल्या जनावरावर मोठे गरुड बसलेले असतात, पोट भरलेलं असलं की त्यांना चटकन उडता येत नाही. हॉर्न वाजवून वेग कमी करा. आणि बिना कुंपणाची गुरं, ती तर रस्त्याच्या मधोमध रवंथ करत असतात, थेट आपल्याकडच्यासारखी.

उंटावरचा_शहाणा
नावाला जागून थोडं अवांतर. मरीला गेलातच तर तिथली जुन्या मशिदीची प्रतिकृती बघा. रेल्वे आणि ट्रकच्या आधी हा सगळा मुलूख उंटांवर चालत होता. १८६६ च्या सुरुवातीला पोर्ट ऑगस्टाला शंभराहून जास्त उंट आणि त्यांना हाकणारी माणसं उतरली, कराचीहून जहाजाने आलेली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे कागदोपत्री ही माणसं आपल्याच इलाख्यातून निघाली होती. इथे सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं गेलं, प्रत्यक्षात पेशावर, बलुचिस्तान, सिंध, पंजाब असे कुठकुठले. मरीचे बेजा दरवेश बलुची होते. पश्चिम ऑस्ट्रेलियाचं वाळवंट शोधायला निघालेल्या १८९६ च्या काल्व्हर्ट मोहिमेत उंट त्यांच्या हाती होते.

लोकर, पीठ, तारेचे खांब, रेल्वेचे स्लीपर, सगळं या लोकांनी वाहिलं. आणि गावात त्यांना राहू दिलं ते रुळांच्या पलीकडे. पुढे ट्रक आले, उंट निरुपयोगी झाले, तेव्हा अनेकांनी गोळी घालण्याऐवजी त्यांना सोडून दिलं. आज मध्य ऑस्ट्रेलियात रानटी उंटांचे कळप दिसतात ते त्यांचे वंशज. रेल्वेला 'अफगाण'वरून 'घान' हे नाव राहिलं, उंटवाल्यांच्या घरांवर पाट्या फार उशिरा लागल्या. ती जुनी घान याच उडनाडाटा मार्गाने जायची, १९८० मध्ये नवी लाइन पश्चिमेला गेली आणि हा ट्रॅक मागे राहिला. त्याच्याही आधी, १८७२ मध्ये, पोर्ट ऑगस्टा ते डार्विन तारयंत्राची ओळ इथूनच गेली. झरे होते म्हणून तार, तार होती म्हणून रेल्वे. बाबांना इतिहासाची आवड असेल तर मरी सोडू नका.

धुरळा
बघा! म्हणूनच म्हणतोय, ट्रॅक घ्या.

गाडीवान
मरीला जायला माझी ना नाही, फ्लिंडर्सपासून बराचसा रस्ता चांगला आहे. मरीच्या पुढे कॅरव्हॅन ओढत नेण्याला आहे. कच्च्या रस्त्यावर चाकांच्या उसळण्याने आडव्या लाटा पडतात. त्यावरून शेकडो किलोमीटर ओढत नेलेल्या कॅरव्हॅनचं दार उघडलंत की कळेल, कपाटांचे स्क्रू जमिनीवर, फ्रिजच्या जाळीतून आत आलेली लाल धूळ डाळीच्या डब्यात, आणि खालच्या टाकीला दगड लागला असेल तर पाणी वाटेतच संपलेलं. म्हणून पिण्याचं पाणी कधीच फक्त टाकीत ठेवायचं नाही, वीस लिटरचे दोन कॅन गाडीत वेगळे. माणशी दिवसाला दहा लिटर धरा, आणि ठरल्यापेक्षा दोन-तीन दिवस जास्तीचं.

शिवाय पाऊस. जूनमध्ये फार पडत नाही, पण पंधरा-वीस मिलिमीटर पुरतो. चिकणमातीचं साबण होतं आणि रस्ता बंद करतात. मरीत पाटीवर प्रत्येक रस्ता चालू की बंद ते लिहिलेलं असतं. बंद रस्त्यावर शिरलात तर दंड, आणि चाकांनी पाडलेल्या चरी महिनोन्महिने राहतात. मग आई-बाबांना घेऊन विल्यम क्रीकला चार दिवस अडकायचं. धुरळासाहेबांना पब आहे, यांना काय? डांबरीसुद्धा सुटत नाही, २०२२ च्या जानेवारीत पुराने स्टुअर्ट हायवे तुटला होता आणि रेल्वेचे रूळ वाहून गेले होते.

धुरळा
अहो, भीती घालायचं किती ते! लोक कॅरव्हॅन घेऊन जातातच की. टायरची हवा पाव भागाने कमी करा, साठ-सत्तरच्या वर जाऊ नका, दर तासाला थांबून चाकाच्या हबला हात लावून बघा. एवढं केलं तर चांगल्या सस्पेन्शनची व्हॅन जाते. 'सेमी ऑफ-रोड'वाल्याची हमी मी घेत नाही, ते मान्य. पण मग व्हॅन ठेवून जा ना.

गाडीवान
आता बोललात! व्हॅन कूबर पीडीच्या कॅरव्हॅन पार्कात ठेवायची आणि रिकाम्या गाडीने फिरायचं, हे मला शंभर टक्के मान्य. तिथून विल्यम क्रीक १६६ किलोमीटर कच्चा. पण पार्कवाल्याला सांगून निघा कुठे चाललात आणि कधी येणार. आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही, कितीही वाटलं तरी. १९६३ च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पाच जणांचं एक कुटुंब इंधन संपल्यावर गाडी सोडून चालत निघालं आणि पाचही जण गेले. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

याराकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सगळं भरून वजनकाट्यावर जाऊन आलो. कॅरव्हॅन मर्यादेत आहे, पण काठावर. गाडी मर्यादेच्या ४० किलो वर. म्हणजे गाडीवानदादांचा हिशेब जवळपास जसाच्या तसा. छतावरची पेटी, जनरेटर आणि बायकोच्या मते 'तो सगळा लोखंडी पसारा' घरी राहणार. छतावर सोलर आहे, त्यावर फ्रिज आणि दिवे भागतात.

आता बेत असा: मेलबर्न, अ‍ॅडलेड, फ्लिंडर्स, मग परत पोर्ट ऑगस्टा. तिथून स्टुअर्ट हायवेने कूबर पीडी, तीन रात्री. व्हॅन तिथे ठेवून एक दिवस कांकू-ब्रेकअवेजच्या रंगीत टेकड्या, आणि रस्ता उघडा असेल तर गाडीने विल्यम क्रीक, बाबा आणि मी दोघंच. आई म्हणाली, "मला त्या जमिनीखालच्या चर्चमध्ये सोडा, गार असेल." पुढे मार्ला, एर्लडुंडा, उलुरू, शेवटी अ‍ॅलिस. मरी यात बसत नाही, याचं मला आणि उंटावरच्या शहाण्यांना दुःख आहे.

आणखी दोन शंका. रोड ट्रेनला ओलांडायचं की नाही? आणि उलुरूला जागा मिळते का?

गाडीवान
रोड ट्रेन ५३.५ मीटरपर्यंत लांब असते. तुम्ही मागे अडीच टन ओढताय, ओलांडायला समोर दीडेक किलोमीटर स्वच्छ रस्ता हवा. घाई कसली आहे? मागेच राहा किंवा चहाला थांबा. ती तुम्हाला ओलांडत असेल तर ब्रेक मारू नका, कडेला उतरू नका. वेग आहे तोच ठेवा, ती बाजूला आली की किंचित पाय उचला. यूएचएफ रेडिओ (गाड्यागाड्यांत बोलायचा वायरलेस) बसवून घ्या. ट्रकवाले चॅनल ४० वर असतात, कॅरव्हॅनवाले १८ वर. कॅरव्हॅनच्या पाठीवर तुमचा चॅनल लिहा, मागचा ट्रकवाला स्वतःच सांगतो, "थांब मित्रा, पुढून येतोय कुणी." ५ आणि ३५ फक्त संकटासाठी, तिथे गप्पा मारायच्या नाहीत.

ग्लेंडाम्बोला टाकी भरा, मग कूबर पीडीपर्यंत अडीचशे किलोमीटर पंप नाही. त्या पट्ट्यात हायवे वूमेराच्या लष्करी चाचण्यांच्या प्रतिबंधित क्षेत्रातून जातो. रस्ता सोडून आत मुक्काम टाकायला बंदी आहे, थांबायचं ते ठरलेल्या विश्रांतीच्या जागांवरच.

कोकणी_कांगारू
आणि माशांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी! दहा डॉलरची वस्तू. थंडीत कमी असतात म्हणतात, मला तरी त्या कमी वाटल्या नाहीत. आमच्या आत्याने ती जाळी लग्नातल्या अंतरपाटाच्या थाटात मिरवली.

निवृत्त_नाशिककर
वाटेत डाव्या हाताला एक सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसेल. सगळी गाडी "आला, आला!" म्हणून ओरडेल. तो उलुरू नव्हे, माउंट कॉनर. मी त्याचेच पंचवीस फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले होते, मुलाने सांगेपर्यंत नातेवाईक वाहवा करत होते.

पारिजात
काका :) दर आठवड्याला कोणीतरी फसतंच.

याराकाठी, राष्ट्रीय उद्यानाच्या आत मुक्काम करता येत नाही. उद्यानाबाहेरच्या यूलारा गावातल्या कॅम्पग्राउंडमध्ये राहावं लागतं, नाहीतर शंभरेक किलोमीटर अलीकडे कर्टिन स्प्रिंग्ज या गुरांच्या स्टेशनवर. उलुरूवरची चढाई २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमची बंद आहे. ते बरंच झालं, इथले मूळचे अनंगू लोक कित्येक वर्षं विनवत होते. पायथ्याने पूर्ण फेरी दहा किलोमीटरच्या आसपास भरते, सपाट आहे. आईंना मुटिट्जुलूच्या पाणवठ्यापर्यंतचा छोटा तुकडा जमेल. काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळा. उद्यानाचा पास आधीच ऑनलाइन काढा. सूर्योदयाच्या जागी गर्दी असते, बाबांसाठी घडीची खुर्ची आणि थर्मास न्या.

जूनअखेरीपासून शाळांच्या सुट्ट्या लागतात, तेव्हा यूलाराच्या विजेच्या जागा आधी संपतात. आई-बाबांना रात्री हीटर लागणार आहे, तो सोलरवर चालायचा नाही. तेव्हा बाकी काही करा न करा, ती जागा या आठवड्यात बुक करा. आणि अ‍ॅलिसला आलात की कळवा, डोशाचं पीठ माझ्याकडे असतं.